पाटीलबाबांची फौज आणि मानाची पायरी

आपण लष्करात राहतो. ग्वाल्हेरबाहेरून आलेल्या पाहुण्याने हे वाक्य ऐकले तर तो क्षणभर गोंधळतो, आणि घरात कोणी सुभेदार-हवालदार आहे काय म्हणून इकडेतिकडे पाहतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो उठलाच नाही, आणि तळाचे नाव शहराला चिकटले. पलीकडे कंपू आहे. तोही फौजेचाच शब्द. कवायती पलटणींच्या जमावाला मराठी कागदांत कंपू म्हणत. भाजी आणायला कंपूत जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या हे ध्यानात असते, कोण जाणे. पण ज्या माणसाच्या फौजेतून हे शब्द इथे आले, त्या महादजी शिंद्यांच्या चरित्राकडे मी आज तलवारीच्या बाजूने नव्हे, मुजऱ्याच्या बाजूने पाहणार आहे. लढाया पुष्कळांनी लिहिल्या आहेत. फौजेत कोणी कोणापुढे वाकायचे, कोणाला काय म्हणून हाक मारायची, कोणी कुठे बसायचे, या गोष्टी मात्र सहसा तळटीपेत जातात.

शिंदे मूळचे सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे पाटील. घराण्याचा उदय राणोजींपासून. राणोजी बाजीराव पेशव्यांच्या पदरी अगदी खालच्या पायरीवर लागले, त्यांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते, एकदा बाजीराव छत्रपतींकडून बाहेर आले तेव्हा राणोजी जोडे छातीशी घट्ट धरून झोपी गेलेले दिसले, आणि त्या निष्ठेवर खूष होऊन पेशव्यांनी त्यांना पागेत घेतले, अशी आख्यायिका आहे. माल्कमसाहेबाने ती नोंदवली आणि तेव्हापासून ती सर्वतोमुखी झाली. मला तिच्या अक्षरशः खरेपणाबद्दल शंका आहे. गावची पाटीलकी असलेल्या घरातला माणूस इतक्या हलक्या कामावर लागला असेल काय, असा प्रश्न जाणत्यांनी विचारलेलाच आहे. पण गोष्ट खरी असो वा नसो, राणोजींच्या धाकट्या मुलाने ती आयुष्यभर जपली आणि वेळ येताच वापरली. त्या प्रसंगाकडे पुढे येऊच.

त्या काळच्या फौजेतील उतरंड थोडी समजून घेतली पाहिजे. घोडदळात दोन जाती. बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा किंवा सरदाराचा, तो फक्त बसणारा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, म्हणून त्याचा ताठाही स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदार बुडाला. बारगीर दुसऱ्या घोड्यावर बसला. शिवछत्रपतींच्या वेळी पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी घडी होती, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पायदळात नाईक, हवालदार, जुमलेदार. पेशवाईत ही घडी ढिली झाली. सरदाराचे पथक म्हणजे त्याचे भाऊबंद, गावकरी, ओळखीचे शिलेदार यांचा मेळावा. त्यात हुद्द्यापेक्षा नाते आणि कुळ मोठे. पण एक गोष्ट कायम राहिली. पखालजी, म्हणजे भिस्ती, हा मोजदादीत अगदी तळाशी. तो लढणारा नव्हे. लढणाऱ्यांना आणि त्यांच्या जनावरांना पाणी देणारा.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. राणोजींना जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा हे एका बायकोचे आणि तुकोजी व महादजी दुसरीचे, चिमाबाईंचे. चिमाबाई रजपूत घरच्या, आणि त्यांच्या मुलांचा वारसा कमी प्रतीचा असे भाऊबंद म्हणत. म्हणजे शिंद्यांच्या पंगतीत महादजींचा पाट पहिल्यापासूनच खालच्या अंगाला मांडलेला. पुढल्या पाटांवरची माणसे मात्र एकेक करून उठून गेली. १७४५ त राणोजी वारले. १७५५ त जयाप्पांचा नागोरास दगा होऊन खून झाला. जानेवारी १७६० त बुराडी घाटावर दत्ताजी पडले. मग पानिपत.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी मराठी फौज उधळली, तेव्हा महादजी घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एक अफगाण स्वार कोसच्या कोस पाठीस लागला. घोडी थकून पडली, स्वाराने गाठले, पायावर परशूचा घाव घातला, अंगावरचा दागिना काढून घेतला आणि मेला असे समजून, किंवा मरेलच असे समजून, सोडून दिले. त्याच वाटेने एक भिस्ती पळत होता. राणेखान त्याचे नाव. त्याने या जखमी माणसाला उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे आणले. तुकोजी रणातच राहिले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारले गेले. कर्त्या पुरुषांत महादजी उरले, तेही एका पायाने कायमचे अधू.

सर्व चरित्रकार हा प्रसंग चार ओळींत आटोपतात, कारण पुढे राजकारणाची मोठी रास पडलेली असते. मला इथे थांबावेसे वाटते. पानिपतावर त्या दिवशी कोणाचे हुकूम कोणावर चालत नव्हते. सरदार, शिलेदार, बारगीर, भिस्ती सगळे एकाच चिखलातून पळत होते. राणेखानाला त्या माणसाला उचलण्याचा हुकूम कोणी दिलेला नव्हता, आणि न उचलल्याबद्दल जाब विचारायलाही कोणी उरले नव्हते. बैल मोकळा ठेवला असता तर तो स्वतः त्यावर बसून लवकर पोचला असता. हुद्दा, दरारा, शिस्त हे सारे जिथे संपते, तिथे जे उरते त्यावर महादजी जगले. हे त्यांनी कधी विसरले नाही, असे पुढचा सारा वृत्तांत सांगतो.

घरी परतल्यावर मान मिळेल म्हणावे, तर उलटेच. सरदारी कोणाला द्यायची यावर सात वर्षे खल चालला. राघोबादादांच्या मनात दुसरे होते. आईच्या कुळाचा मुद्दा पुन्हा पुन्हा उकरला जाई. एकदा एकाच्या नावाने वस्त्रे, मग दुसऱ्याच्या. या सगळ्या काळात फौज मात्र लंगड्या पायाच्या या माणसाच्या मागे जमत गेली. अखेर थोरल्या माधवरावांनी १७६८ त सरदारी महादजींकडे कायम केली. म्हणजे त्यांना सत्ता आधी मिळाली आणि हुद्दा नंतर.

पुढची पंचवीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती वाचकांना पाठ आहेत. १७७१ त दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ त शहाआलम बादशहा मराठ्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत आला. १७७९ च्या जानेवारीत वडगावास इंग्रजांना खाली मान घालायला लावली. १७८० त पॉपहॅमने आपला किल्ला रात्रीच्या अंधारात शिड्या लावून घेतला. १७८२ त सालबाईचा तह, आणि पुढल्या वर्षी गोहदच्या राण्याकडून महादजींनी किल्ला परत मिळवला. १७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद दिले. ते महादजींनी पेशव्यांच्या नावे घेतले आणि स्वतः त्यांचे नायब म्हणून राहिले. आलिजाबहाद्दर वगैरे किताब आले. फौजेत मात्र ते पाटीलबाबाच राहिले.

हा शब्द नीट ऐका. पाटीलबाबा. त्यांच्या फौजेतील मोठ्या माणसांची नावे पाहा. राणेखान भाई. जिवबादादा बक्षी. लखबादादा लाड. जगात अन्य फौजांत सेनापती, सरसेनापती म्हणतात. इथे बाबा, दादा, भाई. नात्याच्या हाकांनीच हुद्दे चालत होते. शिपायाला आपल्या वरच्याला दादा म्हणताना कमीपणा वाटत नाही, आणि दादा म्हटल्यावर हुकूम मोडवतही नाही. दादाने मात्र मग दादासारखे वागले पाहिजे, पगार थकला तर जेवण तरी घातले पाहिजे. हे दोन्ही बाजूंनी बांधणारे दोर होते.

यातला भाई म्हणजे तोच भिस्ती. महादजींनी राणेखानाला भाऊ मानले, केवळ तोंडाने नव्हे. त्याला जहागीर दिली, पालखी दिली, फौज दिली. कालपर्यंत जो पखाल खांद्यावर घेऊन घोड्यांमागून चालत होता, त्याला आता शिलेदारांनी, पागेदारांनी, कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठे सरदारांनी मुजरा करायचा. ते सर्वांना गोड लागले असेल असे मानण्याइतका मी भोळा नाही. पण ज्याच्या तोंडून भाई हा शब्द निघाला तो धनी होता, आणि धन्याचा भाऊ तो आपला कोण, हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे होते. राणेखानाने तो मान फुकट खाल्ला नाही. त्याची कसोटी १७८७ नंतर लागली.

जुलै १७८७ त लालसोटच्या बाजूला जयपूर-जोधपूरकरांशी गाठ पडली. लढाईत महादजी हरले असे म्हणवत नाही. पण लढाईनंतर बादशाही पलटणी, ज्या त्यांच्याच निशाणाखाली उभ्या होत्या, तोफांसकट उठून शत्रूकडे निघून गेल्या. कारणे अनेक होती, पण मोठे कारण थकलेला पगार. हुद्दे सगळे जागच्या जागी होते. सुभेदार होते, जमादार होते, हवालदार होते, सलामी होत होती. पोटाला नव्हते. पलटणीचा शिपाई दादा-बाबांच्या नात्याने बांधलेला नव्हता. तो महिन्याच्या रुपयांनी बांधलेला होता, आणि रुपये न आल्यावर त्याने नाते तोडले. महादजींना चंबळेकडे हटावे लागले. दिल्ली गेली, हिंदुस्थानात मिळवलेले पुष्कळ गेले.

ते परत मिळवले ते प्रामुख्याने राणेखान भाईने. १७८८ च्या एप्रिलात चकसाणला आणि जूनमध्ये आग्र्यापाशी इस्माईलबेगाशी लढणाऱ्या फौजेचा मुख्य तो. हाताखाली जिवबादादा, द बॉइन. त्याच ऑगस्टात गुलाम कादराने लाल किल्ल्यात शहाआलमचे डोळे काढले. तेव्हा ऑक्टोबरात दिल्लीत शिरून किल्ला घेणारा आणि मीरतच्या बाजूला गुलाम कादराचा पाठलाग करणाऱ्या फौजेचा म्होरक्या राणेखानच. पंचवीस घोड्यांमागच्या पखालजीच्या जागेवरून निघालेला माणूस हिंदुस्थानच्या आंधळ्या पातशहाच्या मदतीला लष्कर घेऊन गेला. आपल्या इतिहासात याच्या तोडीची चढण मला तरी चटकन आठवत नाही. आणि आपल्या शहरात याच्या नावाचा उच्चार किती वेळा होतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

लालसोटचा धडा महादजींनी दुसऱ्या अंगानेही घेतला. सव्हॉय प्रांतातील शांबेरीचा बेन्वा द बॉइन १७८४ पासून त्यांच्या चाकरीत दोन पलटणी घेऊन होता. १७९० त त्याला पुरा कंपू उभारायला सांगितला, आणि पुढे तीन कंपू झाले. कोइल, म्हणजे अलीगढ, हे ठाणे. या तेलंग्यांची उतरंड आपल्या पथकांपेक्षा अगदी निराळी. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्या, वर मोजके युरोपियन अधिकारी. शिपायाने नाईकाचे ऐकायचे ते तो नाईक आहे म्हणून. त्याचा मामा कोण, गाव कोणते, याच्याशी संबंध नाही. उभे राहायची रीत एक, हत्यार धरायची रीत एक, सलामीची रीत एक. जिल्हा लावून दिलेला, त्याच्या वसुलातून पगार, आणि तो वेळेवर. जखमी झाला तर जखमेच्या मानाने रक्कम, कायमचा पांगळा झाला तर निर्वाहाची सोय. निशाणावर सव्हॉयचा पांढरा क्रूस. त्याखाली अवध-रोहिलखंडातले शिपाई एका मराठी पाटलासाठी लढत. जून १७९० त पाटणला आणि सप्टेंबरात मेडत्याला या पलटणींनी जे केले ते प्रसिद्ध आहे.

जुन्या शिलेदारांना ही रीत रुचली नाही. घोड्यावरच्या माणसाने पायी चालणाऱ्या तेलंग्याचा मुलाहिजा का ठेवावा, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या दृष्टीने पगार घेऊन पाऊल मोजणारा शिपाई म्हणजे मजूर. मला वाटते, महादजींना दोन्ही प्रकारचे मान कळत होते. एक मान रक्ताचा आणि ओळखीचा, दुसरा पायरीचा आणि पगाराचा. एका फौजेत त्यांनी दोन्ही नांदवले, निदान स्वतः जिवंत होते तोवर. गाण्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. एका घरात दोन ताल चालू शकतात, मात्र सम कुठे आहे हे एकाला तरी ठाऊक असावे लागते.

आता पुण्याचा प्रसंग. जून १७९२ त महादजी पुण्यास आले. बारा वर्षांहून अधिक काळ ते दक्षिणेत फिरकले नव्हते. हिंदुस्थानात त्यांचा शब्द बादशाही शब्द झाला होता. सवाई माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, महादजी साठीपलीकडचे. भेटीच्या दिवशी ते हत्तीवरून आले आणि बाहेरच उतरले. आत दिवाणखान्यात पिढीजाद मानकरी, शिलेदार आपापल्या जागी बसले होते. महादजी सगळ्यांच्या खाली जाऊन उभे राहिले. पेशव्यांनी बसायला सांगितले, तर आपली ती योग्यता नाही असे म्हणून बसेनात. मग काखेतले बोचके सोडले, नवा जोडा काढून पेशव्यांपुढे ठेवला, हे आपले पिढीजात काम असल्याचे सांगितले, आणि पेशव्यांचा जुना जोडा कापडात गुंडाळून काखेत घेतला. पुष्कळ आग्रहानंतर बसले.

दुसऱ्या दिवशी फर्मानबाडी. तंबूत बादशहाचे रिकामे तख्त मांडलेले. पेशव्यांनी त्याला तीन वेळा सलाम केला, १०१ मोहरांचा नजराणा ठेवला, खिलत घेतली. गोवधबंदीचे फर्मान वाचले गेले. साताऱ्याच्या छत्रपतींची परवानगी आधीच काढलेली होती. म्हणजे आंधळा बादशहा, सातारचे छत्रपती, पेशवे आणि त्यांचे नायब, या चौघांच्या चार पायऱ्या एका समारंभात नीट मांडल्या गेल्या, आणि ज्याच्या हाती सारी फौज होती तो सर्वांत खालच्या पायरीवर हसत उभा राहिला.

हे सोंग होते, असे बहुतेक इतिहासकार म्हणतात. पुण्यातल्या मानकऱ्यांनाही तसेच वाटले आणि पुष्कळजण फुरंगटून बसले. कुळाने आम्ही मोठे, हा कालचा पाटील आम्हाला नम्रता शिकवतो, हा त्यांचा सल. राजकारण त्यात होते हे उघड आहे. नाना फडणीसांच्या घरात शिरून तरुण धन्याला आपलासा करायचा, त्यासाठी याहून स्वस्त आणि याहून महाग नजराणा दुसरा नव्हता.

तरी माझे मन पूर्ण मानत नाही. आमच्या विद्येत शागीर्द उस्तादाचे जोडे उचलतो, उस्तादाचे नाव निघाले की कानाला हात लावतो. माझे वडील दरबारात गात. मैफलीत कोणी कुठे बसायचे याचे नियम त्यांच्या अंगात इतके मुरले होते की पुढे घरच्या बैठकीतही ते स्वतःची जागा आधी डोळ्यांनी मोजत. मी जोडे उचलणारे दोन्ही प्रकारचे पाहिले आहेत. एक जण उचलताना आजूबाजूला कोण पाहते ते पाहतो. दुसरा जोड्याकडे पाहतो. आणि असेही शागीर्द पाहिले आहेत, ज्यांनी पहिल्यांदा दाखवण्यासाठी उचलले आणि मग सवयीने, मग मनाने. ज्या माणसाला भिस्त्याने बैलावर घालून वाचवले आणि ज्याने त्या भिस्त्याला फौजेचा मुख्य केले, त्याच्या काखेतला जोडा केवळ नाटकाचे सामान होता असे मला म्हणवत नाही. त्या दिवाणखान्यात खाली उभे राहण्यात त्यांचे जाण्यासारखे काही नव्हते, हे खरे. पण ज्यांचे जाण्यासारखे काही नसते अशी कितीतरी माणसे खाली उभी राहत नाहीत.

महादजी भक्तिपर कविताही करीत. बीडचे मन्सूरशाह हे त्यांचे गुरू, आणि शिंदे घराण्यात त्यांचा मान पुढेही चालत आला. सोहिरोबानाथ आंबिये फिरत फिरत इकडे आले असता महादजींनी त्यांना आपली रचना दाखवली आणि त्या विरक्ताने तिची वाखाणणी न करता एक पद रचून सरदारीचीच गरज नाकारली, अशी गोष्ट गोमंतकाकडची मंडळी आवडीने सांगतात. ते पद आजही मैफलीत ऐकू येते. हिंदुस्थानचा कारभारी समोर बसलेला असताना न वाकलेला असा माणूस आणि त्यावर न रागावलेला कारभारी, दोघांचीही आठवण त्यात टिकली आहे.

पुण्यातले राजकारण पुरे व्हायच्या आधीच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या तळावर ताप येऊन महादजी वारले. पोटी मुलगा नव्हता. भावाच्या घरचे दौलतराव गादीवर आले. पुढल्याच वर्षी द बॉइन चाकरी सोडून निघून गेला. बाबा, दादा, भाई म्हणणारी माणसे आणि पलटणीच्या पायऱ्या यांची सांगड घालणारा हात गेला, आणि थोड्याच दिवसांत शिंद्यांच्या बायका, बक्षी आणि सरदार एकमेकांवर फौजा घेऊन उठले. तो निराळा आणि दुःखद विषय आहे.

वानवडीला त्यांच्या दहनाच्या जागी छत्री आहे. शेजारी त्यांनीच बांधवलेले शंकराचे मंदिर. आपल्याकडची मंडळी पुण्याला गेली की लक्ष्मी रस्त्यावर जातात, तुळशीबागेत जातात, तिथे क्वचितच जातात. गेलात तर एवढे ध्यानात ठेवा, की आतल्या दालनात छत्री उघडू देत नाहीत. बाहेर पाऊस कितीही असो, आत शिरताना ती मिटून काखेत घ्यावी लागते.